टांकसाळीची चूक की मागाहूनची मोडतोड?



भारतातून इस्राएलला येताना आपल्यापैकी बहुतेकांनी ट्रंकेच्या तळाशी एखादी नाण्यांची पुरचुंडी आणली. तीत राणीछाप रुपया असतो, ढब्बू पैसा असतो, युद्धाच्या काळातला भोकाचा पैसा असतो. इकडे आल्यावर तीत प्रुता, लिरा व जुने शेकेल यांची भर पडली. वडीलधारे गेले की ती पुरचुंडी मुलानातवंडांच्या हाती येते आणि प्रश्न सुरू होतात. या रुपयाचा काठ एका बाजूने खाल्ल्यासारखा का आहे? या नाण्यावर अक्षरे उलटी का? हे "चुकीचे नाणे" म्हणतात ते हेच का, आणि याचे किती पैसे येतील?

टांकसाळीत नाणे पाडताना चूक झाली आणि ते तपासणीतून निसटून बाहेर आले, तर अशा नाण्याला संग्राहक चांगली किंमत देतात, ही गोष्ट खरी आहे. पण नाणे बाहेर पडल्यानंतर त्यावर हातोडा पडला, कानस फिरली, आम्ल सांडले किंवा ते यंत्रात अडकले, तर ते केवळ बिघडलेले नाणे होय. दोन्ही वरवर सारखीच विचित्र दिसतात. हा भेद न कळल्याने आपल्या लोकांचे दोन प्रकारे नुकसान होते. कोणी बाजारात ठोकलेले नाणे चूक समजून पैसे मोजून घेतो, तर कोणी घरातले खरे चुकीचे नाणे खराब समजून चिंचेने घासतो किंवा पोरांना खेळायला देतो. म्हणून आज हा विषय आम्ही थोडा सविस्तर मांडत आहोत.

१. नाणे कसे पडते

चूक ओळखायची तर आधी बरोबर काम कसे होते ते माहीत हवे. मुंबईची टांकसाळ घ्या की अन्य कुठलीही, यंत्राने नाणी पाडण्याची रीत मुळात एकच आहे.

प्रथम धातूची लांब पट्टी लाटून ठरावीक जाडीची करतात. त्या पट्टीतून, करंजीची पाती वाटीने कापावी तशा, गोल कोऱ्या चकत्या कापतात. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन साफ करतात व त्यांचा काठ दाबून किंचित उंच करतात. मग एकेक चकती छापयंत्रात जाते. तेथे वर एक ठसा व खाली एक ठसा असतो आणि चकतीभोवती पोलादी कडे असते. वरचा ठसा जोराने खाली येतो. धातू क्षणभर घट्ट कणकेसारखा पसरतो, ठशांच्या खोलगट भागांत शिरतो आणि कड्याला जाऊन भिडतो. ठशात जे खोल ते नाण्यावर उंच येते. धारेवरच्या उभ्या रेघा त्या कड्यामुळे उमटतात. एका दणक्यात दोन्ही बाजू व धार तयार!

यातून चुकांचे तीनच वर्ग निघतात: चकतीची चूक, ठशाची चूक आणि दणक्याच्या वेळची चूक. नाणे यंत्रातून बाहेर पडले की चुकीची वेळ संपली. त्यानंतर जे घडेल ती मोडतोड. म्हणून विचित्र नाणे हाती आले की पहिला प्रश्न हा विचारावा: टांकसाळीतल्या कोणत्या पायरीवर हे असे होऊ शकेल? पायरी सांगता आली तर पुढे तपासावे. सांगता आली नाही तर ते नाणे मागाहून बिघडले असे धरून चालावे.

२. उंचवटा की खळगा

सर्वांत सोपी परीक्षा ही. ठसा पोलादाचा असला तरी हजारो दणके खाऊन त्याला तडा जातो. त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक, वाकडीतिकडी, उंच रेघ उमटते. ठशाचा तुकडाच उडाला तर तेवढ्या जागी नाण्यावर धातूचा गुळगुळीत उंचवटा येतो व तिथले अक्षर दिसत नाही. या खऱ्या चुका आहेत.

उलट ओरखडा हा खाली जातो. नाण्यावर मागाहून धातू वाढत नाही, तो फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी सरकतो. खोल चर आणि चरालगत उचललेली धातूची कड दिसली तर ते टोकदार वस्तूचे काम समजावे. याला अपवाद डाक दिल्याचा. रुपयाला नाके लावून माळेत ओवलेला असेल तर काठाजवळ डाकाचा गोळा राहतो. पण त्याचा रंग व पोत वेगळा असतो. भिंगाखाली तो लपत नाही.

गेलेल्या अक्षराचेही असेच. ठशाच्या खाचेत तेल व धातूचा चुरा साचला की अक्षर पुसट उठते किंवा उठतच नाही. मात्र त्या जागेचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच सपाट व नितळ असतो. कोणी अक्षर खरवडून काढले असेल तर तेथे खरवडल्याच्या रेघा किंवा हलकासा खळगा सापडतो.

३. खाल्लेला काठ

चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणारे पाते आधी पडलेल्या भोकावर थोडे चढते. मग चकती चंद्रकोरीएवढी कमी निघते, आणि तशाच चकतीवर छाप पडतो. ही खरी चूक. पण हाच आकार कानशीने किंवा कात्रीने घरीही करता येतो, आणि वजन दोन्हीकडे कमीच भरते. तेव्हा तराजू येथे निवाडा करीत नाही.

निवाडा होतो तो दोन खुणांनी. पहिली खूण तुटीच्या अगदी समोर, नाण्याच्या पलीकडल्या टोकाला. चकतीचा काठ उंच करणारे यंत्र दोन्ही बाजूंनी दाबते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूला दाब कमी पडतो, म्हणून तेथला काठ पुष्कळदा बसका, पुसट राहतो. दुसरी खूण तुटीजवळच्या अक्षरांत. दणक्याच्या वेळी धातू मोकळ्या जागेकडे पसरतो, म्हणून ती अक्षरे तुटीकडे ओढल्यासारखी व निमुळती होत जातात. मागाहून कापलेल्या नाण्यात समोरचा काठ भरदार असतो, आणि अक्षरे भाकरीचा तुकडा मोडावा तशी मध्येच संपतात. कानशीच्या समांतर रेघाही बहुधा सापडतात.

४. उलटा छाप

हा प्रकार सर्वांत मोहात पाडणारा, म्हणून फसवणूकही यातच जास्त. कधी पडलेले नाणे यंत्राबाहेर न जाता एका ठशाला चिकटून बसते. पुढची चकती आली की तिच्या एका बाजूवर ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा छाप पडतो. त्यामुळे त्या बाजूवर चित्र खोलगट आणि आरशातल्यासारखे उलटे येते. दुसऱ्या बाजूवर मात्र नेहमीचे चित्र असते.

बनावट प्रकार असा: दोन चांगली नाणी एकावर एक ठेवून पकडीत आवळायची किंवा हातोड्याने ठोकायची. एकाची अक्षरे दुसऱ्यात रुततात आणि उलटी, खोल दिसतात. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी नातवाच्या बार मित्सवासाठी असाच एक रुपया सुट्टीत भारतात गेले असताना हौसेने विकत घेतला होता. विकणाऱ्याने त्याला टांकसाळीची दुर्मीळ चूक म्हटले होते. भिंग लावताच दिसले की उलट्या अक्षरांखाली राजाचा मुखवटा चेपलेल्या अवस्थेत तसाच आहे. खऱ्या चुकीत असे होऊ शकत नाही. तेथे चकती कोरी असते. तिच्यावर खालचे चित्र असणार कुठून? एकाच बाजूवर नेहमीचे चित्रही आहे आणि त्यावर उलटे चित्रही आहे, असे दिसले की ते बहुतेक पकडीचे काम. दुसरी बाजू पाहावी. दाबाने तिथले उंच भाग चकाकते व सपाट झालेले असतात.

५. सरकलेला, दुहेरी आणि फिरलेला छाप

चकती ठशाखाली नीट बसली नाही तर छाप एका बाजूला सरकतो आणि चंद्रकोरीएवढी जागा कोरी राहते. खऱ्या नाण्यात दोन्ही बाजूंची कोरी जागा एकाच ठिकाणी, एकमेकींच्या पाठीला येते. शिवाय नाणे कड्याबाहेर पडलेले असल्याने धारेवरच्या रेघा नसतात. एका बाजूचे चित्र पूर्ण आणि दुसऱ्या बाजूचे अर्धे गेलेले असेल तर कोणी घासले असल्याचा संशय धरावा.

अक्षरे दुहेरी दिसली की लोक फार हरखतात. ठसा तयार करतानाच त्यावर चित्र दोनदा, किंचित सरकून उमटले असेल तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर दोन्ही अक्षरे भरदार व गोलसर येतात, आणि अक्षरांची टोके दुभंगलेली दिसतात. याला किंमत आहे. पण सैल यंत्रात ठसा वर उचलताना हलला तर अक्षराच्या कडेला पायरीसारखी सपाट, चपटी पट्टी उठते. हे टांकसाळीतच घडते खरे, परंतु ते इतके सर्रास असते की संग्राहक त्याला मोल देत नाहीत.

फिरलेला छाप तपासायचा तर नाणे वरखाली दोन बोटांत धरून उलटावे व त्याच प्रकारचे दुसरे नाणेही तसेच उलटून पाहावे. एका नाण्यावरून काही ठरवू नये, कारण देशोदेशी दोन्ही बाजू जुळवण्याची रीत वेगळी असते. चार-पाच अंशांचा फरक हा काही फरक नव्हे. पण पाव फेरा किंवा अर्धा फेरा असेल तर ती चूक होय, आणि हातोड्याने तशी करता येत नाही. फक्त जादूगारांच्या नाण्यापासून सावध राहावे. त्यात एक नाणे आतून पोखरून दुसऱ्याची पातळ चकती बसवलेली असते. दोन्हीकडे मुखवटा असलेली नाणी बहुधा अशीच. काठाच्या आतल्या अंगाला जोडाची बारीक रेघ शोधावी आणि नाणे वाजवून घ्यावे. खणखणीत न वाजता बद्द वाजले तर उत्तर मिळाले. मात्र तडा गेलेले चांगले नाणेही बद्द वाजते, तेव्हा केवळ आवाजावर निकाल देऊ नये.

६. भोके

१९४३ सालापासून तांबे वाचवण्यासाठी पाडलेला भोकाचा पैसा आपल्या वडीलधाऱ्यांना चांगला आठवत असेल. त्याचे भोक मुद्दाम ठेवलेले. त्यात नवल नाही. भोक मध्यावरून सरकले असेल तर मात्र नीट पाहावे. दणक्याआधीच पाडलेल्या भोकाची कड छापाच्या दाबाने किंचित आत ढकललेली असते. खिळा ठोकून पाडलेल्या भोकाला एका बाजूने आत वळलेली कड व दुसऱ्या बाजूने बाहेर आलेली धातूची कुसे असतात.

इस्राएलच्या दहा शेकेलच्या नाण्यालाही हाच विचार लागू पडतो. १९९५ साली आलेले हे नाणे दोन धातूंचे आहे. बाहेरचे कडे व मधली चकती एकत्र ठेवून एकाच दणक्यात छापतात. मधली चकती सरकलेली असूनही चित्र व भोवतालची अक्षरे एकमेकांशी आपापल्या जागी असतील, तर चूक खरी, कारण छाप नंतर पडला. चकती दाबून काढून पुन्हा फिरवून बसवली असेल तर चित्र व अक्षरांचा मेळ सुटतो, आणि जोडाशी ओरखडे दिसतात.

७. रंग, वजन आणि चुंबक

चुकीच्या धातूच्या चकतीवर छाप पडणे ही फार मोलाची चूक, म्हणूनच तिची नक्कलही फार. तांब्याचा पैसा पांढरा दिसला तर तो बहुधा कल्हईचा किंवा मुलाम्याचा असतो. झिजलेल्या उंच भागावर व धारेवर तांबडा रंग डोकावतो. खरी चूक असेल तर वजन दुसऱ्या एखाद्या नाण्याच्या चकतीशी जुळते. आम्लात बुडवलेले नाणे सगळीकडून सारखे खाल्ले जाते: पातळ होते, अक्षरे धूसर होतात, पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि त्याचे वजन कोणत्याच नाण्याशी जुळत नाही.

काही आकडे लक्षात ठेवावेत. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. १९४० पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया निकेलचा आहे, म्हणून तो चुंबकाला चिकटतो. ती काही चूक नव्हे. इकडचे तांबूस-पिवळे दहा अगोरोत चार ग्रॅमचे. एक शेकेलची सुरुवातीची नाणी तांबे-निकेलची असल्याने चिकटत नाहीत, आणि १९९४ पासूनची निकेलचा थर दिलेल्या पोलादाची असल्याने चिकटतात. दोन शेकेल शेजारी ठेवून एक चिकटते व एक नाही, एवढ्यावर कोणी किंमत सांगू लागला तर हसून नमस्कार करावा.

कपडे सुकवण्याच्या यंत्रात महिनोन्महिने अडकलेल्या नाण्याचा काठ आपटून आपटून जाड होतो व आत वळतो. काठाजवळची अक्षरे गिळल्यासारखी दिसतात. अशी नाणी "लहान आकाराची चूक" म्हणून पुढे केली जातात. ती चूक नव्हे, धुलाई होय!

८. चूकही नाही, मोडतोडही नाही

काही वेगळेपण मुद्दाम ठेवलेले असते. पंचम जॉर्जच्या रुपयावर खालच्या कमळाखाली बारीक उंच ठिपका असेल तर ती मुंबई टांकसाळीची खूण. १८६२ साल घातलेले राणीचे रुपये पुढे कित्येक वर्षे त्याच सालाने पाडले गेले, आणि त्यांवर सालाखाली आढळणारे ठिपकेही हेतुपुरस्सर आहेत. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली व १९१२ साली तो बदलला. हा चित्रकाराचा दोष, छापयंत्राचा नव्हे.

इस्राएलच्या १९४९ च्या प्रुता नाण्यांत तळाशी मोत्यासारखा ठिपका असलेली व नसलेली अशी दोन्ही आहेत. शेकेलवर छोटी हनुक्कीया असेल तर ते हनुक्कानिमित्त काढलेले नाणे. १९८८ चे रामबामचे चित्र असलेले एक शेकेल हेही तसेच प्रासंगिक. १९७१ ते १९७९ च्या संग्राहक-संचांतील नाण्यांवरचा लहान मागेन दाविद हीसुद्धा खूणच.

हाताने पाडलेल्या जुन्या नाण्यांना तर यंत्राचे नियम लावूच नयेत. शिवराईवर "श्री राजा शिव" ही अक्षरे अर्धीमुर्धी दिसतात, कारण ठसा पुष्कळदा तांब्याच्या तुकड्याहून मोठा असे. बार कोखबाच्या उठावात, इसवी सन १३२ ते १३५ मध्ये, रोमी नाणीच घेऊन त्यांवर नवा छाप मारला गेला. म्हणून द्राक्षांच्या घोसाखालून किंवा तालवृक्षाखालून कधी रोमी अक्षरे डोकावतात. वर आम्ही म्हटले की एका चित्राखाली दुसरे चित्र दिसले तर संशय धरावा. येथे मात्र तेच नाण्याच्या अस्सलपणाला पोषक ठरते. तोच द्राक्षांचा घोस १९४८ साली इस्राएलच्या पहिल्या नाण्यावर, २५ मिल्सवर, पुन्हा आला.

९. घरी काय करावे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा लहान काटा आणि एक चुंबक एवढी सामग्री पुरे. नाणे नेहमी काठाला धरावे. दिवा एका बाजूने ठेवून नाणे हळूहळू फिरवावे. उंचवटा व खळगा यांच्या सावल्या विरुद्ध पडतात. शेजारी त्याच प्रकारचे साधे नाणे अवश्य ठेवावे.

आणि कृपा करून नाणी घासू नका. चिंच, राख, लिंबू, पितळ उजळण्याचे औषध यांपैकी काहीही नको. छापाच्या वेळी धातू पसरल्याच्या ज्या सूक्ष्म रेघा असतात, त्यांवरूनच जाणकार खरे-खोटे ठरवतात. एकदा घासले की साक्षीदारच गेला. नाणी साध्या कोरड्या कागदाच्या पाकिटात ठेवावीत. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कालांतराने चिकट व हिरवी पडतात. विकायचे असेल तर एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर न जाता दोघातिघांना दाखवावे, आणि प्रत्येकाला हाच प्रश्न करावा: "ही चूक कोणत्या पायरीवर झाली?" ज्याला उत्तर देता येत नाही त्याचा भाव विचारूच नये.

शेवटी एक गोष्ट. पुरचुंडीतली बहुतेक विचित्र नाणी मोडतोडीचीच निघतील. भोक पाडून माळेत ओवलेला रुपया संग्राहकाच्या हिशेबी खराब. पण ते भोक आपल्याच घरातल्या कोणा सोनाराकडून करून घेतलेले असेल, आणि ती माळ कोणाच्या लग्नात कोणाच्या गळ्यात होती हे सांगणारे एखादे माणूस घरात अजून असेल. ते विचारून, चिठ्ठीवर लिहून त्याच पाकिटात ठेवावे, आणि नातवंडांना वाचता यावे म्हणून खाली हिब्रूतही लिहावे. टांकसाळीची चूक भिंगाने केव्हाही ओळखता येईल. घरातली हकीकत मात्र सांगणारे माणूस आहे तोवरच कळेल.